चाकणहून समुद्राला फटफटीवरून



खेड आणि मावळ तालुक्यांत आज असे घर विरळा, की ज्याच्या अंगणात मोटरसायकल उभी नाही. गोठ्याच्या भिंतीला नांगर टेकलेला, ओट्याखाली कांद्याच्या बारदानांची थप्पी आणि तिच्या शेजारी फटफटी, असे दृश्य भामा आणि इंद्रायणीच्या काठच्या कोणत्याही गावात दिसते. मुलगा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो, जाताना बाजूच्या गावातील दोस्ताला मागे बसवून नेतो, येताना दुधाची रिकामी किटली घेऊन येतो. हे सारे ठीक चालते. पण माघ महिना लागला, पाळीत दोन-तीन दिवसांची सवड सापडली, की ही मंडळी कोकणात समुद्र पाहायला निघतात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या जिवाला घोर लागतो. निम्मी पोरे तर घरी सांगतच नाहीत. ‘मित्राच्या लग्नाला भोसरीला जातो’ असे सांगून अलिबाग गाठतात. माझ्या मते मनाई करून हा प्रश्न सुटत नाही. पेरणीची जशी आखणी करतो तशी या सहलीचीही आखणी घरातल्या सर्वांनी मिळून करावी, म्हणजे पोरे सुखरूप परततात आणि चार गोष्टी पाहूनही येतात. त्यासाठीच हा लेखप्रपंच.

रस्त्याचे महत्त्व या भागाला कोणी सांगावे असे नाही. जानेवारी १९८० मध्ये भामनेर खोऱ्यातील शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली वांद्रे ते चाकण हे ६४ किलोमीटरचे अंतर पायी चालत आले होते. मागणी एकच, पक्का रस्ता. त्या मोर्चात चाललेल्यांची नातवंडे आज चाकणच्या कारखान्यात मोटरसायकली जोडतात. बजाजचा इथला कारखाना १९९९ साली सुरू झाला आणि २००१ साली पल्सर बाजारात आली. त्याआधीच्या पिढीने आकुर्डीच्या चेतक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिलेली आहे. तेव्हा गाडी घरात येणे हा समारंभ असे. आज ती हप्त्यावर सहज मिळते, आणि जमिनीचे पैसे हातात आलेल्या घरांत तर एकाला दोन. सहज मिळालेल्या वस्तूची धास्ती वाटत नाही, खरी अडचण तिथे आहे.

केव्हा निघावे?

पावसाळ्यात जाऊ नये, हे पहिले. घाट हिरवे दिसतात, धबधबे दिसतात, म्हणून पोरांना जुलै-ऑगस्टचीच ओढ असते. पण याच दिवसांत दरडी येतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला आणि एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. त्याच महाड तालुक्यातील तळिये गावावर २२ जुलै २०२१ रोजी डोंगर कोसळला. शिवाय पावसाळ्यात समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जंजिरा किल्ला बंद. मग पाहायचे काय? आपल्याकडेही तेव्हा खरिपाची कामे असतातच.

मला योग्य वाटतो तो काळ जानेवारीअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा. गरव्या कांद्याची लागण आटोपलेली असते, काढणीला अजून अवकाश असतो. कोकणात हवा कोरडी, घामाचा त्रास कमी. पुष्कळ कारखान्यांना या भागात गुरुवारची सुट्टी असते. गुरुवारला एक-दोन रजा जोडल्या तर शनिवार-रविवारची मुंबईकरांची गर्दीही चुकते आणि राहण्याची सोय भाव न करता मिळते.

मात्र दिवस ठरविण्यापूर्वी घरातले पंचांग किंवा दिनदर्शिका उघडावी. ती मुहूर्तासाठी नव्हे. समुद्राची भरती-ओहोटी चंद्रावर चालते आणि आपल्याला तिथी पाहण्याची सवय आहे, तिचा इथे उपयोग होतो. कोकणातले कोळी एक सोपा हिशोब करतात. शुद्ध किंवा वद्य, जी तिथी असेल तिचा आकडा घ्यावा, त्याला तीनने गुणावे आणि चारने भागावे. जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता. हीच वेळ दिवसाची आणि हीच साधारण रात्रीची. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आगेमागे भरती येते आणि ती मोठी असते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी फार चढत नाही आणि फार ओसरतही नाही, त्याला भांग म्हणतात. हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो, म्हणून जागेवर गेल्यावर कोळ्यांना विचारावेच.

आता आखणीत याचा उपयोग कसा? अष्टमी-नवमी धरून गेलात तर दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी मिळते, उजेड भरपूर असतो आणि पाण्याची ओढही उधाणापेक्षा कमी असते. पौर्णिमेच्या चांदण्यात समुद्र पाहण्याची हौस मी समजू शकतो. ती किनाऱ्यावर बसून पुरवावी, पाण्यात उतरून नव्हे.

गाडी आणि माणसे

शंभर-सव्वाशे सी. सी. ची गाडी या सहलीला पुरते, मोठ्या गाडीची गरज नाही. गाडी जुनी असली तरी चालेल, पण निगेची हवी. निघण्याच्या आठ दिवस आधी गॅरेजला नेऊन ब्रेकचे लायनर, दोन्ही चाकांचे टायर, साखळी, क्लच आणि ब्रेकच्या केबली, हेडलाइट व मागचा दिवा तपासून घ्यावेत. आदल्या दिवशी दुरुस्ती करू नये. नवीन बसविलेला भाग दोन-चार दिवस गावातच चालवून पाहिला म्हणजे घाटात दगा देत नाही. सोबत प्लगचा पाना, एक जादा प्लग, क्लचची केबल, साखळीची एक जादा कडी, पंक्चरचे साहित्य, विजेरी आणि दोरी असावी.

बोजा बांधण्याचे शास्त्र आपल्याला बैलगाडीने शिकविले आहे. मागे वजन जास्त झाले की गाडी उलार होते आणि बैलांचे खांदे उचलले जातात. मोटरसायकलचेही तेच. मागच्या कॅरियरवर उंच गाठोडे बांधले आणि वर माणूस बसविला की पुढचे चाक हलके होते, वळणावर हँडल ऐकत नाही. बोजा दोन्ही बाजूंना सारखा, खाली आणि शक्य तितका मध्याजवळ असावा. दोन माणसांच्या गाडीवर तीन दिवसांचे कपडे एका पिशवीत मावले पाहिजेत. तिसरा माणूस बसवायचा नाही, मग तो कितीही बारीक असो.

हेल्मेट दोघांनीही घालायचे, चालविणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्यानेही, आणि त्यावर आय. एस. आय. चे चिन्ह हवे. रस्त्याच्या कडेला मिळणारी टोपली डोक्यावर ठेवून पोलीस चुकेल, दगड चुकणार नाही. परवाना, गाडीची कागदपत्रे, विमा आणि धुराचे प्रमाणपत्र चालू असल्याची खात्री करावी. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गियरची गाडी देऊच नये. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच दुरुस्तीने अपघातातील जखमीला मदत करणाऱ्यालाही संरक्षण मिळाले आहे. तेव्हा रस्त्यात कोणी पडलेले दिसले तर ‘पोलिसांचे झेंगट नको’ म्हणून पुढे जाऊ नये. १०८ ला फोन करावा.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची. तिसऱ्या पाळीवरून सुटून थेट निघायचे नाही. आपल्या पट्ट्यातली बरीच मुले हेच करतात. रात्रभर मशीनवर उभे राहायचे, सकाळी सातला गेटवर चहा घ्यायचा आणि लोणावळ्याकडे गाडी फिरवायची. वारा तोंडावर लागतो तोवर झोप येत नाही. ऊन चढले, रस्ता सरळ लागला की डोळा मिटतो. दारू न पिणारी, जोरात न चालविणारी, शहाणी म्हणून गावाने नावाजलेली पोरे अशी गेलेली आहेत. जागरणाने आलेली डुलकी वेग विचारीत नाही. आयांनो, तुमचा मुलगा कोकणात जातो म्हणाला तर पैसे किती लागतील हे नंतर विचारा. आधी विचारा, कोणत्या पाळीवरून येणार आहेस? रात्रपाळी असेल तर एक पूर्ण रात्र घरी झोपून मगच त्याला निघू द्या.

शक्यतो दोन गाड्या असाव्यात. एक बंद पडली तर दुसरी उपयोगी पडते. पाच-सहांहून जास्त गाड्या नसाव्यात, कारण मग ती सहल राहत नाही, शर्यत होते. सर्वांत हळू चालविणाऱ्याला पुढे ठेवावे. पैशाची वर्गणी एकाकडे जमा करावी आणि त्याने वहीत लिहावे.

आणि एक सुचवू का? मित्रांबरोबर एकदा गेलात, आता घरच्या लक्ष्मीला न्या. आपल्याकडच्या कितीतरी सुनांनी माहेर, सासर आणि आळंदी यांपलीकडे काही पाहिलेले नाही. त्यांनी समुद्र पाहू नये असे कोठे आहे? जोडीने जाताना अडचण असते ती गाई-म्हशींची आणि पाण्याच्या पाळीची. दूध कोण काढणार, डेअरीला कोण घालणार, कांद्याला रात्रीची वीज आली तर मोटर कोण चालू करणार, हे भावकीत आधी ठरवून घ्यावे. तीन दिवस शेजाऱ्याने तुमचे पाहावे, पुढच्या महिन्यात तीन दिवस तुम्ही त्याचे. मागे बसणाऱ्या बाईने पदर आणि ओढणी कमरेला घट्ट खोचावी. गाडीला साडीची जाळी असतेच, ती काहीजण शोभेसाठी काढून टाकतात, त्यांनी ती परत बसवावी.

वाट कोणती?

समुद्राला जाण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहायचे तर मला एक फेरी चांगली वाटते. जाताना बोरघाट उतरून पेण-अलिबाग, किनाऱ्याने मुरुड, खाडी ओलांडून दिवेआगर-श्रीवर्धन आणि येताना माणगावहून ताम्हिणी घाट चढून मुळशीमार्गे घर. सारे मिळून पावणेपाचशे ते पाचशे किलोमीटर होतात. गाडी लिटरला पंचेचाळीस देत असेल तर अकरा लिटर पेट्रोल धरावे. घाटात आणि कोकणच्या रस्त्यावर ताशी तीस-पस्तीस किलोमीटरचाच हिशोब करावा आणि दिवे लागण्यापूर्वी मुक्कामाला पोहोचावे.

पहाटे साडेपाचला चाकण सोडले की पहिल्या पाळीच्या बसगाड्या आणि कंटेनर सुरू होण्याआधी तळेगाव गाठता येते. हा वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता साऱ्या सहलीतला सर्वांत वाईट आहे, घाटांपेक्षाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे जुन्या रस्त्यानेच लोणावळा-खंडाळा गाठून खोपोलीला उतरावे. घाटात शिंगरोबाचे देऊळ लागते. हा धनगर. घाटाची वाट इंग्रजांना यानेच दाखविली आणि बदल्यात देशाचे स्वातंत्र्य मागितले म्हणून त्याला ठार केले, असे सांगतात. येणारे-जाणारे तिथे नाणे टाकतात. नाणे टाकायचे तर गाडी कडेला पूर्ण थांबवून टाकावे, चालत्या गाडीवरून नव्हे. उतार उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचविण्याची खोड फार वाईट. ज्या गियरने घाट चढला असता त्याच गियरने उतरावा, म्हणजे इंजिनच ब्रेकचे काम करते.

खोपोलीहून पेणला आलात की मुलूख बदलतो. इथून अलिबागपर्यंतच्या सपाट पट्ट्याला खारेपाट म्हणतात. समुद्राचे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध घातलेले दिसतील. उधाणाने या बांधाला खांड पडली की खारे पाणी भातखाचरात पसरते आणि पुढचे काही हंगाम ती जमीन नीट पिकत नाही. आपल्याकडे बांधावरून भावाभावांत कोर्टकचेरी चालते, इथे एका बांधावर साऱ्या गावाचे पोट असते आणि तो गावानेच राखावा लागतो. गोड्या पाण्याच्या तळ्यांत इथले शेतकरी जिताडा नावाचा मासा पाळतात. ज्यांच्याकडे शेततळे आहे त्यांनी थांबून विचारपूस करावी.

पोयनाडजवळ चरी नावाचे गाव आहे. पाटी लहान आहे, चटकन लक्षात येत नाही. या गावाच्या शेतकऱ्यांनी खोतांच्या जुलमाविरुद्ध १९३३ साली संप पुकारला. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी. जमीन कसायचीच नाही असे ठरले आणि ते १९३९ पर्यंत, सहा वर्षे, पाळले गेले. कारखान्यातील सहा दिवसांचा संप आपण पाहिलेला आहे. शेतकऱ्याने सहा वर्षे स्वतःच्या हाताने जमीन पडीक ठेवायची म्हणजे काय, हे ज्याने एक पावसाळा वाया घालविला आहे त्यालाच कळेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कुळांची बाजू घेतली होती. गाडी पाच मिनिटे थांबवावी असे हे ठिकाण आहे.

अलिबाग तालुक्यात कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांकडे पांढऱ्या कांद्याची शेती पाहायला मिळते. (नावांचा घोटाळा करू नका. कार्ले आणि खंडाळे ऐकून लोणावळ्याची आठवण होते, पण ही गावे वेगळी. कोकणात मुरुडही दोन आहेत, एक जंजिऱ्याचे आणि एक दापोलीचे. आणि रत्नागिरी जिल्ह्यात एक खेडही आहे! वाट विचारताना तालुका सांगावा.) भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि थोड्या पाण्यावर हा कांदा येतो. चवीला गोड, तिखटपणा कमी. पातीसकट काढून, वाळवून त्याच्या वेण्या गुंफतात आणि माळांनी विकतात. २०२२ साली या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आपला चाकणचा कांदा ट्रकने जातो आणि मोजला जातो क्विंटलवर. हा कांदा माळेवर मोजला जातो आणि रस्त्याच्या कडेला बाई स्वतः भाव सांगते. उत्पादन थोडे, पण भाव ठरविणारा हात शेतकऱ्याचा. चाकणच्या बाजारात लिलावाला उभे राहिलेल्या माणसाला या माळेकडे पाहून काय वाटेल ते मी सांगायला नको. दुसरीकडचा पांढरा कांदा ‘अलिबागचा’ म्हणून खपविणारेही आहेत, म्हणून माळ घ्यायची तर शेतावरूनच घ्यावी.

अलिबागला कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन पाहता येतो. भांगाच्या दिवसांत वाटेवर पाणी राहते, मग घोडागाडी करावी. आत गेलात की परतीची वेळ घड्याळात पाहून ठेवावी. कान्होजी आंग्र्यांची समाधी गावातच आहे. पहिला मुक्काम नागाव-रेवदंडा भागात नारळी-पोफळीच्या वाडीत करावा. घरगुती राहण्या-जेवणाची सोय पुष्कळ ठिकाणी आहे. मोठ्या हॉटेलपेक्षा मी नेहमी वाडीवाल्याचे घर सुचवितो. पैसे शेतकऱ्याच्या घरात जातात आणि रात्री ओटीवर बसून शेतीच्या गोष्टी होतात.

दुसऱ्या दिवशी रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई. इथल्या पोर्तुगीज किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीजमिश्रित एक वेगळीच बोली बोलतात. काशीदवरून मुरुडपर्यंत रस्ता समुद्राला धरून जातो आणि इथे चालविणाऱ्याची नजर समुद्राकडे जाते. पाहायचे तर थांबून पाहावे. वळणावर वाऱ्याने आणलेली वाळू असते, तिच्यावर ब्रेक मारला की गाडी आडवी होते. गाडी पुळणीवर उतरविण्याचा मोह अनेकांना होतो. वाळूत चाक रुतते, भरती थांबत नाही आणि खारे पाणी इंजिनात गेले की गाडी भंगाराच्या भावाची होते.

पाण्यात उतरण्याविषयी दोन शब्द. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेल्या महाविद्यालयातील १४ विद्यार्थी-विद्यार्थिनी मुरुडच्या समुद्रात बुडून मरण पावल्या. दिवस होता, किनारा नेहमीचा होता. आपल्या विहिरीत पोहणारा मुलगा स्वतःला पट्टीचा पोहणारा समजतो. विहिरीचे पाणी ओढीत नाही, समुद्राचे ओढते. ओहोटी लागल्यावर तर ते आतच ओढते. घोट्याएवढे पाणी पुरे, फार तर गुडघ्याएवढे.

राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहून पुढे आगरदांड्याला यावे. इथे गाडीसकट खाडी ओलांडायची. सपाट तळाची मोठी बोट असते, तिला लोक जंगलजेट्टी म्हणतात. मोटारी, टेम्पो, मोटरसायकली सारे तिच्यावर चढते आणि पलीकडे दिघीला उतरते. शेवटची फेरी किती वाजता आहे ते सकाळीच विचारून ठेवावे, नाहीतर खाडीच्या अलीकडे रात्र काढावी लागते. बोटीवर चढताना मागे बसणाऱ्याने उतरून चालत जावे, लोखंडी फळ्या ओल्या असतात.

दिघीहून वेळासमार्गे दिवेआगर. इथल्या एका पोफळीच्या वाडीत १९९७ साली खोदकाम करताना सोन्याचा गणपती सापडला आणि गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले. २०१२ साली दरोडा पडला, दोघा पहारेकऱ्यांचे प्राण गेले आणि मूर्तीही गेली. दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा किनाऱ्याचा रस्ता साऱ्या वाटेत देखणा. अंतर वीस-पंचवीस किलोमीटरच, पण त्यासाठी दोन तास राखून ठेवावेत.

श्रीवर्धन म्हणजे रोठा सुपारीचे गाव. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे हे जन्मगाव, हे शाळेत शिकलो आहोत. शेतकऱ्याने मात्र इथल्या वाड्या पाहाव्यात. पोफळ सरळ वर जाते, तिच्या सावलीत जायफळ, पोफळीच्या खोडावर मिऱ्याचा वेल, खाली केळी आणि अननस. एका गुंठ्यात तीन-चार मजल्यांची शेती. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र इथेच आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. दिवेआगर आणि श्रीवर्धनच्या वाड्यांत आजोबांनी लावलेल्या पोफळी एका दुपारीत काडीसारख्या मोडल्या. सुपारीचे रोप लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. आपल्याकडे गारपिटीने कांदा गेला तर पुढच्या हंगामाची आशा असते. इथे हंगाम नव्हे, पिढी जाते. तरीही लोकांनी आळी खणून पुन्हा रोपे लावली. वाडीवाल्याला वादळाविषयी विचारावे. तो सांगतो आणि ऐकण्यासारखे असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी हरिहरेश्वर. देवळामागची प्रदक्षिणेची वाट समुद्राला लागून खडकांवरून जाते. ती फक्त ओहोटीला करायची. एका मोठ्या लाटेने उभी माणसे इथून ओढून नेल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. वर सांगितलेला तिथीचा हिशोब इथे करावा आणि देवळात विचारून मगच पाऊल टाकावे. वेळ जुळत नसेल तर देवाला पुढून नमस्कार करून फिरावे, देव रागावत नाही.

परतीला म्हसळा, माणगाव, निजामपूर, विळे आणि मग ताम्हिणी. अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात आहे, म्हणून अकरापर्यंत हरिहरेश्वर सोडलेच पाहिजे. दुपारी घाट चढताना सूर्य पाठीशी असतो. आपल्याला नीट दिसते, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन असते, हे विसरू नये. वळणावर डावी बाजू सोडायची नाही. फोटोसाठी थांबायचे तर वळण ओलांडून, रस्ता सोडून थांबावे.

घाटमाथ्यावर मुळशी धरणाचे पाणी दिसते. टाटांच्या या धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ साली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला आणि तो १९२४ पर्यंत चालला. सेनापती बापट हे नाव तिथूनच महाराष्ट्राच्या तोंडी बसले. गावे बुडाली, वीज मुंबईला गेली. ज्यांच्या जमिनी औद्योगिक वसाहतीत गेल्या आहेत त्यांनी या पाण्याकाठी जरा बसावे. मोबदल्याचे आकडे वेगळे आहेत, काळ वेगळा आहे, पण घरातल्या म्हाताऱ्यांना जे वाटते ते तेच असावे असे मला वाटते. पुढे पौड, पिरंगुट, हिंजवडीवरून चाकण. हिंजवडीला संध्याकाळची गर्दी लागते. तीन दिवसांची दमणूक आणि घर जवळ आल्याची घाई एकत्र आली की चूक होते, म्हणून पौडला चहा घेऊन अर्धा तास पाठ टेकावी आणि घरी फोन करावा.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी गोड्या पाण्याने भरपूर धुवावी. फवारणीचा पंप जसा औषध मारल्यावर धुतो तशी, कानाकोपऱ्यासह. साखळी पुसून तेल द्यावे, केबलींनाही द्यावे. आणलेली कांद्याची माळ वाऱ्याला टांगावी, पोत्यात भरू नये. त्या कांद्याचे बी आपल्या शेतात लावून पाहण्याची हौस असेल तर दोन वाफ्यांवरच पुरवावी. तिथली माती, तिथली समुद्राची हवा आपल्याकडे नाही, आणि चव त्यातूनच येते. सुपारीची रोपे मात्र आणू नयेत, आपल्याकडची पौषातली थंडी त्यांना सोसत नाही.